डब्यामागची दोन भोकं: घरातल्या ‘ऑल-इन-वन’ म्युझिक सिस्टीमचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये इअरफोन विसरले आहेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी इथे घातल्या आहेत.

सुरुवात घरापासून करतो. डोंबिवलीतली आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. आई-बाबांना तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेमध्ये काढायची आहेत. सामान निम्मं करायचं होतं. तेव्हा बाबांनी मला एक काम दिलं: “तू इंजिनिअर आहेस ना? मग हॉलमध्ये ठेवायला एक गाण्याचा डबा बघ. सगळं त्यातच हवं. वायरींचा पसारा नको. आणि मोबाइलवर गाणी लाव म्हणून सांगू नकोस.”

मी बी.टेक. केलंय, दिवसभर कोड लिहितो. अशा माणसाला एखादी वस्तू निवडायला सांगितली की तो एक्सेल शीट उघडतो. मीही उघडली. वॅट, ब्लूटूथचं व्हर्जन, किंमत, रिव्ह्यू. सतरा कॉलम झाले आणि निर्णय काही होईना. मग लक्षात आलं की मी चुकीचा डेटा गोळा करतोय. असे डबे घराघरात येऊन शंभराहून जास्त वर्षं झाली आहेत. त्यातला कुठला डबा का टिकला आणि कुठला का भंगारात गेला, हे आधी बघायला हवं. हा एपिसोड त्या शोधातून आला. त्यात आमच्याच घरातली एक गोष्ट उशिरा कळली, ती शेवटी सांगतो.

कर्णा कपाटात गेला

ग्रामोफोन म्हटलं की डोळ्यासमोर पितळी कर्णा येतो. भारतात १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचा आवाज मुद्रित केला. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. गाणं संपताना गौहर जान स्वतःचं नाव सांगायची, कारण तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या माणसांना कुणाचं गाणं कुठलं ते कळायला हवं. आजच्या भाषेत सांगायचं तर मेटाडेटा ऑडिओच्या आतच भरलेला.

या मशीनची अडचण होती तो कर्णा. मोठा, धूळ खाणारा, येता-जाता धक्का लागणारा. १९०६ साली अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने ‘व्हिक्ट्रोला’ नावाचं मशीन आणलं. त्यात कर्णा घडी घातल्यासारखा लाकडी कपाटाच्या आत लपवला होता. बाहेरून बघितलं तर फर्निचर. समोर दोन दारं. आवाज कमी करायचा असेल तर दारं लावायची. व्हॉल्यूमचं बटण म्हणजे चक्क दार!

माझ्या मते घरगुती ऑल-इन-वनची कल्पना इथून सुरू होते. तंत्रज्ञान डब्यात घाला आणि डबा हॉलमध्ये शोभेल असा करा. बाबांची “वायरींचा पसारा नको” ही मागणी काही नवीन नाही. तिला शंभर वर्षांहून जास्त वय आहे.

पण त्या कपाटाला एकच गोष्ट येत होती. तबकडी वाजवायची, बस. १९२५च्या सुमाराला विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं, त्याच दशकात रेडिओही आला, आणि ते सुंदर कपाट बघता बघता जुनं झालं. त्याच्यात बाहेरून काही जोडायची सोयच नव्हती.

मागची दोन भोकं

आपल्याकडे मुंबईचं रेडिओ केंद्र जुलै १९२७मध्ये सुरू झालं. पुढची तीस-चाळीस वर्षं घरातला मुख्य डबा म्हणजे वॉल्व्हचा रेडिओ. चालू केल्यावर वॉल्व्ह गरम होईपर्यंत थांबायचं, मग हळूहळू आवाज वर यायचा. रेडिओ ठेवायला सरकारी लायसन्स लागायचं आणि त्याची फी पोस्टात भरायची. ही पद्धत १९८०च्या दशकापर्यंत चालू होती. माझ्या वयाच्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात. पण गाणं ऐकण्यासाठी दरवर्षी पैसे भरणं ही गोष्ट आता सबस्क्रिप्शन म्हणून परत आली आहेच.

माझ्या आजोबांनी १९५७ साली गिरगावातल्या चाळीत असा रेडिओ घेतला. त्या काळात रेडिओ निवडताना लोक काय बघत असतील? एक मोठा प्रश्न असायचा: सिलोन लागतं का? कारण असं की १९५२ साली बी. व्ही. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा त्यांना आग्रह आणि सिनेमाच्या गाण्यांचा तिटकारा. आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी सुई फिरवली ती रेडिओ सिलोनवर. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ १९५२मध्ये तिथेच सुरू झाली. सिलोन शॉर्टवेव्हवर यायचं, म्हणजे शॉर्टवेव्हचा बँड नसलेला रेडिओ घेऊन उपयोग नाही. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

दुसऱ्या बाजूला हेही खरं की १ एप्रिल १९५५पासून पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, वर्षभरात छप्पन्न गाणी. आजी सांगायची, ज्यांच्याकडे रेडिओ असायचा त्यांच्या दारात त्या वेळेला शेजारपाजारच्या चपला मावायच्या नाहीत. डबा एका घराचा, श्रोते अख्ख्या मजल्याचे.

आता मुद्द्याची गोष्ट. आजोबांच्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर दोन भोकं आहेत. शेजारी इंग्रजीत लिहिलंय ‘ग्राम’. लहानपणी मला वाटायचं, हे वजनातलं ग्रॅम आहे. ते ग्रामोफोनचं ग्राम. म्हणजे रेडिओत ॲम्प्लिफायर आणि स्पीकर आहेतच, तर रेकॉर्ड प्लेअरची वायर या भोकांत घाला आणि त्याच डब्यातून तबकडीही ऐका. त्या काळातल्या बऱ्याच वॉल्व्ह रेडिओंना ही सोय असायची. ज्यांना ऐपत होती ते रेडिओग्राम घ्यायचे: रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच लाकडी पेटीत. ज्यांना नव्हती ते आधी रेडिओ घ्यायचे आणि चार-पाच वर्षांनी बोनस मिळाला की रेकॉर्ड प्लेअर आणून मागे जोडायचे. आजोबांनी तेच केलं.

तुमच्या टीव्हीच्या मागे लाल-पांढऱ्या रंगाच्या गोल पिना लागतात ना, त्यांचा जन्मही असाच. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने ही पिन आणली, ती रेकॉर्ड प्लेअर रेडिओला जोडता यावा म्हणून. म्हणून तिला अजूनही फोनो पिन म्हणतात. माझ्या टेबलावरच्या कुठल्याही यूएसबी केबलपेक्षा ती म्हातारी आहे आणि अजून कामावर आहे.

काचेचं झाकण आणि स्टिरिओची अडचण

लाकडी रेडिओग्राम म्हणजे जवळजवळ कपाटच. तो कॉम्पॅक्ट कधी झाला? याचं एक ठळक उत्तर १९५६चं, जर्मनीतलं. ब्राऊन कंपनीचा एसके-४. डिझाइन हान्स गुगेलॉट आणि डीटर राम्स यांचं. पांढरा पत्र्याचा डबा, दोन बाजूंना लाकूड, रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दोन्ही वरच्या बाजूला, आणि त्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण. पत्र्याचं झाकण आवाजाबरोबर थरथरायचं, म्हणून पारदर्शक झाकण आलं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘स्नो व्हाइटची शवपेटी’. त्यानंतर कित्येक दशकं जगभरातल्या रेकॉर्ड प्लेअरना तसंच झाकण आलं. मशीन लपवायचं नाही, नीट मांडून दाखवायचं, ही कल्पना त्या डब्याने रुजवली.

पण एसके-४ मोनो होता. एकच स्पीकर. आणि लगेच दोन वर्षांत बाजारात स्टिरिओ तबकड्या आल्या.

स्टिरिओची मूळ कल्पना इंग्लंडच्या ॲलन ब्लूमलाइन या इंजिनिअरची. त्याने १९३१ सालीच पेटंटचा अर्ज केला होता. तबकडीच्या खाचेला दोन भिंती असतात. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा, आणि सुई एकच. मला हे वाचून अक्षरशः टाळी वाजवावीशी वाटली. तबकडी तीच, खाच तीच, माहिती दुप्पट. प्रत्यक्ष बाजारात यायला मात्र १९५८ उजाडलं.

आणि इथे ऑल-इन-वन डब्याची पंचाईत झाली. स्टिरिओत डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांपासून लांब हवेत. साधा नियम असा की दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण झाला पाहिजे. तुम्ही सहा फुटांवर बसणार असाल तर स्पीकरमध्येही साधारण सहा फूट. एकाच डब्यात एक फुटाच्या अंतरावर दोन स्पीकर बसवले तर कागदावर स्टिरिओ, कानाला जवळजवळ मोनो. आजही खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘स्टिरिओ’ लिहिलेला वीतभर लांबीचा स्पीकर दिसला की हे आठवा.

उपाय म्हणून १९७०च्या दशकात परदेशात ‘म्युझिक सेंटर’ नावाचा प्रकार आला: रेकॉर्ड प्लेअर, रेडिओ आणि कॅसेट एका डब्यात, पण दोन स्पीकर सुटे, वायरीने जोडलेले. ऑल-इन-वन, पण थोडी तडजोड करून. ही तडजोड लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

टू-इन-वन, म्हणजे मामाची गल्फची भेट

१९६३ साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट दाखवली. लू ऑटन्स या इंजिनिअरच्या टीमचं काम. फिलिप्सने ती बाकीच्या कंपन्यांना मोकळेपणाने बनवू दिली, म्हणून जपानपासून उल्हासनगरपर्यंत कॅसेट सारखीच राहिली. कुठलीही कॅसेट, कुठल्याही मशीनमध्ये. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ओपन स्टँडर्ड म्हणतो त्याचं याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

परवाना-राजात आपल्याकडे परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर जबर कर होता. त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या शेवटी बऱ्याच घरांत टू-इन-वन आला तो आखाती देशांत कामाला गेलेल्या माणसाच्या बॅगेतून. रेडिओ अधिक कॅसेट, वर हँडल, विजेवरही चालणारा आणि सेलवरही. मग कॅसेटची लाट आली. टी-सिरीजने स्वस्त कॅसेटचा पूर आणला. मराठीत प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं गावोगाव गेली, पु. ल. देशपांड्यांचं कथाकथन घरात आलं. आई-बाबांच्या पिढीने दुकानात आवडत्या गाण्यांची यादी देऊन कॅसेट ‘भरून’ घेतल्या. पहिली प्लेलिस्ट तीच.

टू-इन-वनची खरी करामत म्हणजे लाल बटण. रेकॉर्ड. रेडिओवरचं गाणं लागलं की बटण दाबायचं, आणि निवेदक मध्येच बोलला की कपाळावर हात मारायचा. इतिहासात पहिल्यांदाच आपल्या हॉलमधला डबा नुसता वाजत नव्हता, लिहूनही घेत होता. आमच्याकडे १९८४ची एक कॅसेट आहे. त्यात विविध भारतीवरचं गाणं आहे आणि मागे आजीचा आवाज, “दूध उतू गेलं बघ.” गाणं कुठेही मिळेल. दूध उतू गेलेलं कुठे मिळणार?

दीड हजार वॅट आणि भंगारवाला

१९९१नंतर बाजार खुला झाला आणि मिनी हाय-फाय सिस्टीम आली. चांदीच्या रंगाची, नाचणाऱ्या दिव्यांची, तीन सीडी मावणारी. सीडी स्वतः १९८२ची, सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून केलेली. पण मध्यमवर्गीय मराठी घरात ती पोचायला नव्वदचं दशक संपत आलं.

आमच्या घरी १९९९ साली अशी सिस्टीम आली. कंपनीचं नाव घेत नाही. मी दोन वर्षांचा होतो. तिच्यावर चमकदार स्टिकर होता: ‘१५०० वॅट पीएमपीओ’. बाबा पाहुण्यांना तो आकडा सांगायचे. आता थोडं इंजिनिअरिंग. पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी जास्तीत जास्त किती, असा दावा. तो कसा मोजायचा याचा सगळ्यांनी मान्य केलेला नियमच नाही. त्याच सिस्टीमच्या मागच्या पट्टीवर लिहिलं होतं की ती भिंतीतून ५५ वॅट वीज घेते. ५५ वॅट आत घेऊन १५०० वॅट बाहेर देणारं मशीन बनलं असतं तर महावितरणची गरजच उरली नसती. खरा आकडा बघायचा तो आरएमएस. आणि तोसुद्धा दुप्पट झाला तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे ‘जरासा’. दहा बाय चौदाच्या हॉलला वीस-तीस खरे वॅट पुष्कळ होतात.

२००९ साली त्या सिस्टीमचा सीडीचा ट्रे अडकला. मेकॅनिक म्हणाला, “पार्ट येत नाही.” कॅसेटचे बेल्ट आधीच सैल झाले होते. घरात ती दीडेक वर्ष कापड टाकून पडून होती. मग आईने ती भंगारवाल्याला दिली, दीडशे रुपयांत. त्या दिवसानंतर आमच्या हॉलमध्ये गाणं वाजलं नाही. बाबा म्हणायचे, “आता ते मशीनचे दिवस गेले.”

या एपिसोडसाठी जुने फोटो चाळताना माझ्या मुंजीतला एक फोटो सापडला. मागे ती सिस्टीम. झूम करून बटणं वाचली. एका बटणावर लिहिलं होतं ‘व्हिडिओ / ऑक्स’.

मी बराच वेळ तो फोटो बघत बसलो. ऑक्स म्हणजे बाहेरचं काहीही जोडायची जागा. म्हणजे सीडीचा ट्रे मेला होता, पण ॲम्प्लिफायर जिवंत होता, स्पीकर जिवंत होते, आणि आत शिरायचं दारही होतं. शंभर रुपयांच्या वायरीने त्यातून मोबाइलची गाणी वाजली असती. आजोबांना १९५७च्या रेडिओच्या मागची दोन भोकं वापरता आली. आम्हाला, घरात एक भावी इंजिनिअर असताना, २००९मध्ये तीच दोन भोकं दिसली नाहीत.

चकचकीत कनेक्टरची शोकांतिका

यात आम्हीच मूर्ख होतो असं नाही. मोठमोठ्या कंपन्यांनीही हेच भोगलंय. २००३ साली आयपॉडला तीस पिनांचा कनेक्टर आला. त्यावर आयपॉड उभा करून वाजवायचे सुंदर डॉक स्पीकर निघाले. हॉटेलच्या खोल्यांमध्येसुद्धा ते दिसायचे. २०१२मध्ये आयफोन ५ आला आणि ॲपलने कनेक्टर बदलला. ते डॉक एका दिवसात जुने झाले. ज्यांच्या मागे ऑक्सचं भोक होतं ते वाचले.

आता धोका आणखी वेगळा आहे. वाय-फायवर चालणारे स्पीकर कंपनीच्या ॲपवर आणि अपडेटवर अवलंबून असतात. सोनोसने २०२०मध्ये आपल्या काही जुन्या उपकरणांना नवीन अपडेट देणं थांबवलं. स्पीकरचा कागद फाटला नव्हता, काही जळलं नव्हतं. ज्याचं आयुष्य संपलं ते सॉफ्टवेअर होतं. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून हे मनापासून सांगतो: आमच्या कामाचं आयुष्य लाकूड आणि तांब्याइतकं नसतं.

आणि २०१७मध्ये सारेगामाने ‘कारवाँ’ आणला. जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा, आत पाच हजार हिंदी गाणी भरलेला डबा. आपल्यापैकी कित्येकांनी तो आई-बाबांना भेट दिला असेल. मी सुरुवातीला त्याला हसलो होतो. पण त्याचं यश नीट बघा. तिथे लॉगिन नाही, पासवर्ड नाही, बटण फिरवलं की गाणं. व्हिक्ट्रोलाच्या दारासारखंच सोपं.

बाबांचा डावा कान

आता शेवटची गोष्ट. रीडेव्हलपमेंटच्या सामानात आजोबांचा रेडिओ निघाला. टाकायचा की ठेवायचा यावरून वाद झाला. मी तो कल्याणला एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिक काकांकडे नेला. त्यांना सांगितलं, मागच्या भोकांतून मोबाइल वाजवायचाय. ते आधी मला ओरडले. काही जुन्या रेडिओंमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, आतल्या पत्र्यालाच विजेचा थेट संबंध असू शकतो. त्याला मोबाइल जोडला तर शॉक बसून जिवावर बेतेल. तेव्हा मंडळी, जाणकाराला दाखवल्याशिवाय हा प्रयोग घरी करू नका. आमच्या रेडिओत ट्रान्सफॉर्मर होता. तरी काकांनी मध्ये एक छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला आणि मोबाइलचा डावा-उजवा आवाज एकत्र करून एका वायरीवर आणला. कारण रेडिओ मोनो.

घरी आणून बाबांचं एक आवडतं जुनं गाणं लावलं. वॉल्व्ह गरम झाले, आवाज वर आला. बाबा खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, “हां. हे पूर्ण गाणं आहे.”

मी विचारलं, पूर्ण म्हणजे?

“तू दिलेल्या त्या इअरबडमध्ये अर्धंच येतं. सतार येते तर पेटी नाही. मला वाटलं, हल्ली असंच असतं.”

वर्षभरापूर्वी मी त्यांना इअरबड दिले होते. त्यांनी तेव्हाही तक्रार केली होती. मी पीस खराब असेल म्हणून बदलून आणला होता आणि विषय संपवला होता. पीस खराब नव्हता. आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाबांना डाव्या कानाने फारच कमी ऐकू येतं. लहानपणी त्यांचा तो कान फुटायचा, वय झाल्यावर आणखी कमी झालं. त्या काळातल्या कित्येक स्टिरिओ गाण्यांत काही वाद्यं पूर्ण डावीकडे आणि काही पूर्ण उजवीकडे ठेवलेली असायची. डावीकडचं सगळं बाबांपर्यंत पोचतच नव्हतं. मी मात्र एक्सेलमध्ये ‘स्टिरिओ इफेक्ट’चा वेगळा कॉलम करून त्याला पाचपैकी मार्क देत होतो.

तेव्हा तुमच्याही घरात कुणी “हल्ली गाणी नीट लागत नाहीत” म्हणत असेल, तर मशीनच्या आधी कान तपासा. आणि मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ नावाचं बटण असतं, ते चालू करून बघा. फुकट आहे.

मग घेतलं काय?

सतरा कॉलमांचे शेवटी पाच प्रश्न उरले. तुम्हीही असा डबा बघत असाल तर विचारा.

पहिला: मागे ऑक्स किंवा लाल-पांढरी फोनो पिन आहे का? नसेल तर पुढे बघूच नका.

दुसरा: एक भाग मेला तर बाकीचे जगतात का? सीडी बंद पडली तरी स्पीकर वापरता आले पाहिजेत. स्पीकर सुटे असतील तर आणखी उत्तम, उद्या दुसऱ्या ॲम्प्लिफायरला लागतील.

तिसरा: ॲप आणि इंटरनेटशिवाय चालू होतो का? राउटर बंद ठेवून दुकानात लावून दाखवायला सांगा.

चौथा: वॅट आरएमएसमध्ये लिहिलेत का? आणि मागच्या पट्टीवर वीज किती घेतो ते बघितलंत का?

पाचवा, सगळ्यात महत्त्वाचा: ऐकणार कोण? त्याला सोबत घेऊन जा, त्याचं गाणं लावा, त्याला खुर्चीत बसवा. बटण त्यालाच फिरवू द्या.

आम्ही एक छोटी मायक्रो सिस्टीम घेतली. डबा एक: त्यात ॲम्प्लिफायर, सीडी, एफएम, ब्लूटूथ, मागे ऑक्स. दोन सुटे स्पीकर. व्हॉल्यूमला खरंखुरं फिरणारं बटण. म्हणजे सत्तरच्या दशकातली तीच म्युझिक सेंटरची तडजोड. एक स्पीकर बाबांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला आहे. बाबा एकटे असले की मोबाइल मोनोवर, आई असली की स्टिरिओवर.

वायरींबद्दल बाबांना आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, “दोन चालतील.”

आजोबांचा रेडिओ सध्या वन बीएचकेत बेडरूमच्या कपाटावर आहे. नवीन घर तयार झालं की हॉलमध्ये येईल, असं बाबांनी आईला परस्पर सांगून टाकलंय. सकाळी साडेसातला हॉलमधून विविध भारती ऐकू येते. मी पुण्याहून फोन केला की मागे गाणं चालू असतं आणि बाबा म्हणतात, “थांब, हे संपू दे.”

तुमच्या घरात कुठला डबा आहे, किंवा होता, ते जरूर कळवा. आणि भंगारवाला यायच्या आधी एकदा त्याच्या मागच्या बाजूला बघा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये.